पेरूचे पान आणि जुलाब : पानात काय आहे, काय नाही

पावसाळा सुरू झाला की विसरवाडी परिसरातल्या पाड्यांवर आमच्या आरोग्य बैठकांत एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, जुलाबाला पेरूचा पाला उकळून दिला तर चालतो ना?" विचारणारी कधी आजी असते, कधी पहिल्यांदाच आई झालेली मुलगी असते. कधी एखादा तरुण मोबाइलवर आलेला संदेश पुढे करतो. त्यात पेरूच्या पानाने जुलाब, साखर, दातदुखी, केस गळणे, सगळे बरे होते असे लिहिलेले असते.

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. आम्ही नर्सिंगची पदविका घेऊन वॉर्डात काम केलेली आणि आता वस्तीवस्तीत आरोग्याचे काम करणारी माणसे आहोत. पानाला हसून उडवून लावणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत, आणि पानाच्या भरवशावर दोन दिवस घरी ठेवलेली, डोळे खोल गेलेली लेकरेही पाहिली आहेत. पानात खरोखर काही आहे का, असेल तर ते काय करते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेतले तर दोन्ही चुका टळतात. म्हणून आरोग्याच्या या पानावर यावेळी पेरूचे पान घेतले आहे.

झाड कुठले?

मोबाइलवरच्या संदेशात बहुधा असे असते की 'आपल्या ऋषीमुनींनी हजारो वर्षांपूर्वी' पेरूच्या पानाचे गुण सांगून ठेवले आहेत. हे खरे असू शकत नाही. पेरू हे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले झाड आहे. पोर्तुगिजांच्या काळात ते आपल्याकडे आले. 'पेरू' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आल्याचे मानले जाते. आपल्या शेजारी गुजरातकडे त्याला जामफळ म्हणतात. म्हणजे या झाडाची आणि आपली ओळख काही शतकांचीच आहे.

पाल्याचे औषध मात्र फार जुने आहे. विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूंसाठी जी औषधे चालतील असे सांगितले आहे, त्यांत पानांची एक यादीच येते : कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस, कापूस. यातला कुडा आपल्या सातपुड्याच्या भागात आजही जुलाबावर आणि आवेवर वापरतात. पेरू त्या यादीत नाही, कारण तेव्हा तो इथे नव्हताच. तरीही नवे झाड आल्यावर लोकांनी त्याची पाने चावून, उकळून, पिऊन पाहिली आणि ज्याचा गुण आला ते ठेवले. मेक्सिकोपासून आफ्रिका आणि आग्नेय आशियापर्यंत, जिथे जिथे पेरू पोचला तिथे तिथे लोकांनी त्याची पाने जुलाबासाठीच वापरली. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी एकाच कामासाठी तोच पाला निवडावा, ही गोष्ट तपासण्याजोगी होती. शास्त्रज्ञांनी ती तपासली.

पानात कोणती द्रव्ये आहेत?

पेरूचे पान हातात घेऊन चुरगळा. एक उग्र वास येतो. पान उजेडासमोर धरले तर बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. या सुगंधी तेलात कॅरिओफायलिन, लिमोनिन, सिनिओल अशी द्रव्ये असतात. कीड आणि बुरशी दूर ठेवण्यासाठी झाड ती स्वतःसाठी तयार करते.

आता पान चावून पाहा. जीभ आखडते, तोंड कोरडे झाल्यासारखे वाटते. हे टॅनिनचे काम आहे. चहाच्या कोऱ्या काढ्यात, हिरड्यात, जांभळाच्या बीत जो तुरटपणा असतो तोच हा. टॅनिन प्रथिनांना चिकटते आणि त्यांना घट्ट करते. कातडे कमावायला बाभळीची साल वापरतात ती याच गुणामुळे. आतड्याच्या सुजलेल्या आवरणावर आणि जंतूंच्या अंगावरच्या प्रथिनांवरही टॅनिन असेच चिकटते.

तिसरा गट फ्लेव्होनॉइड नावाच्या द्रव्यांचा. त्यातले मुख्य क्वर्सेटिन. ते कांद्यातही भरपूर असते. पेरूच्या पानात ते बहुतेक साखरेच्या कणाला जोडलेल्या रूपात सापडते. अशा एका रूपाला ग्वायजावेरिन म्हणतात. पेरूच्या 'ग्वायाव्हा' या नावावरूनच ते पडले आहे. क्वर्सेटिन आतड्याच्या स्नायूंचे जोरजोरात होणारे आकुंचन सैल करते, त्यामुळे मुरडा कमी होतो. मेक्सिकोत पानाच्या अर्काच्या कॅप्सूल रुग्णांना देऊन २००२ साली अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही पोटदुखीचा काळ कमी झाल्याचे दिसले.

एकाच पानात अशी अनेक द्रव्ये असतात आणि त्यांचे प्रमाण सारखे नसते. कोवळे पान, जून पान, उन्हाळ्यातले, पावसाळ्यातले, या जातीचे, त्या जातीचे, सगळ्यांत फरक पडतो. गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेले असते, तसे पानावर काही लिहिलेले नसते. पाल्याच्या औषधाची ही मोठी अडचण आहे.

'जंतू मरतात' म्हणजे नेमके काय?

'पेरूच्या पानाने जंतू मरतात हे सिद्ध झाले आहे' असे वाक्य आपण वाचतो. ते कसे सिद्ध होते ते पाहू.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जेलीसारखे खाद्य ओततात आणि त्यावर जंतू पसरवतात. मग पानाचा अर्क लावलेली कागदाची छोटी टिकली मध्ये ठेवतात. रात्रभर ऊब दिली की सगळीकडे जंतूंची साय धरते, पण टिकलीभोवती मोकळे वर्तुळ राहते. वर्तुळ जितके मोठे तितका अर्क प्रभावी. अशा चाचण्यांत पेरूच्या पानाचा अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवर बऱ्यापैकी चालतो. गळवांत आणि पू झालेल्या जखमांत हाच जंतू सापडतो. शिळ्या भाताने उलट्या करवणाऱ्या बॅसिलस सेरियसवरही तो चालतो. ई. कोलायसारख्या जंतूंवर मात्र त्याचा जोर पुष्कळदा कमी पडतो. या दुसऱ्या गटातल्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते आणि द्रव्य आत शिरू शकत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २००२ साली पानातून चार जंतुरोधक द्रव्ये वेगळी काढली. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली दाखवले की ग्वायजावेरिन दात किडवणाऱ्या जंतूला आवर घालते. पेरूचे पान चावणाऱ्या आपल्या आजोबांचे म्हणणे इथे थोडेफार खरे ठरते.

पण बशी म्हणजे पोट नव्हे. बशीत अर्क थेट जंतूवर पडतो, तोही अनेकदा अल्कोहोलमध्ये काढलेला दाट अर्क असतो. आपण पितो तो पाण्यातला पातळ काढा. तो जठरातल्या आम्लातून जातो, अन्नात मिसळतो आणि मग आतड्यात पोचतो. म्हणून बशीतले वर्तुळ पाहून औषध ठरवता येत नाही. पुढची पायरी लागते.

परिंचे खोऱ्यातला पाला, मुंबईची प्रयोगशाळा

ही पुढची पायरी आपल्याच महाराष्ट्रात चढली गेली, हे फार थोड्यांना माहीत आहे. मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था आहे. प्लास्टिक सर्जन आणि गावपातळीवरच्या आरोग्यकार्याचे पुरस्कर्ते डॉ. नोशीर अंतिया यांचा तिच्याशी जवळचा संबंध होता. या संस्थेत डॉ. तन्नाझ बिर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबावरच्या गावठी औषधांचा अभ्यास केला. पेरूची पाने पुणे जिल्ह्यातल्या परिंचे खोऱ्यातून आणली. त्यांनी अल्कोहोलचा अर्क वापरला नाही. गावात करतात तसाच काढा केला : वाळलेल्या पानांची पूड, तिच्या सोळापट पाणी, आणि ते उकळून चौथाई होईपर्यंत आटवायचे. या अभ्यासाचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी 'जंतू मेला का?' एवढेच पाहिले नाही. जंतू माणसाला आजारी कसा करतो, त्याच्या एकेका पायरीवर काढा काय करतो, ते पाहिले.

पहिली पायरी जंतू मारण्याची. रक्ताची आव लावणारा शिगेला आणि पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, या दोघांवर काढ्याचा मारक परिणाम दिसला.

दुसरी पायरी चिकटण्याची आणि शिरण्याची. काही जंतू आतड्याच्या पेशीला चिकटतात, काही तिच्या आत घुसतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर हे तपासले तेव्हा काढ्यामुळे ई. कोलायच्या एका प्रकाराचे चिकटणे कमी झाले. त्याचाच दुसरा प्रकार आणि शिगेला, यांचे पेशीत घुसणेही कमी झाले.

तिसरी पायरी विषाची. पटकीचा जंतू आतड्यात विष सोडतो. ते विष पेशीवरच्या ठरावीक जागी बसते आणि पेशीतला पाण्याचा नळ जणू उघडाच राहतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते त्यामुळे. ई. कोलायचा एक प्रकारही असेच विष सोडतो. काढ्यामुळे ही दोन्ही विषे कमी तयार झाली आणि पेशीवर बसण्याचे प्रमाणही घटले.

पण ई. कोलाय आणखी एक विष सोडतो, जे उष्णतेनेही नष्ट होत नाही. त्याच्यावर काढ्याचा काहीही परिणाम झाला नाही. ही गोष्ट मोबाइलवरच्या संदेशात कधी येत नाही, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. शेजारणीला पाल्याने बरे वाटले आणि आपल्याला वाटले नाही, यामागे हेही कारण असू शकते. जुलाब एक दिसतो, त्यामागचे जंतू वेगवेगळे असतात.

संशोधकांनी नुसते क्वर्सेटिन घेऊनही सगळे प्रयोग केले. वापरलेल्या प्रमाणात त्याने जंतू मारले नाहीत, विषही अडवले नाही, फक्त जंतूंचे पेशीत घुसणे कमी केले. म्हणजे पानाचा गुण एकाच द्रव्यात नाही, अनेक द्रव्ये मिळून तो येतो.

माणसांवर काय दिसले?

याच संस्थेच्या संशोधकांनी पुढे रुग्णांवर चाचणी केली आणि ती २०२० साली प्रसिद्ध झाली. तीव्र जुलाब झालेल्या शंभराहून अधिक प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. तीन गटांना ६, १० किंवा १४ पानांचा काढा दिवसातून तीन वेळा, पाच दिवस दिला. चौथा गट तुलनेसाठी ओआरएसवर होता. १० पानांचा काढा सर्वांत चांगला ठरला. त्या गटाचे पोट ७२ तासांत पूर्ववत झाले, तुलनेच्या गटाला १२० तास लागले.

निकाल चांगला आहे. पण तो नीट वाचला पाहिजे. चाचणीत १८ ते ६० वर्षांची माणसे होती. लहान मुले नव्हती. कोण काढा घेतो आणि कोण नाही हे सर्वांना माहीत होते, त्यामुळे मनाचा परिणामही त्यात मिसळू शकतो. १४ पानांचा काढा १० पानांपेक्षा सरस ठरला नाही, म्हणजे जास्त पाला म्हणजे जास्त गुण हेही खरे नाही. आणि ही सर्व माणसे डॉक्टरांच्या नजरेखाली होती. पाड्यावर रात्री दोन वाजता आजारी पडलेल्या दीड वर्षाच्या बाळाला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही.

जीव कशाने जातो?

आता मुख्य गोष्ट. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा जंतूमुळे थेट दगावत नाही. अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने दगावतो. पटकीत तर धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो. पाला जंतूशी झुंजतो, विषाला अडवतो, मुरडा शमवतो, पण निघून गेलेले पाणी भरून देत नाही. ७२ तासांत पोट बरे होणार असले तरी लहान बाळाला ७२ तास मिळत नाहीत.

ते पाणी भरून काढणारी गोष्ट म्हणजे ओआरएस. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळून पाणी तयार केले. पिंपांतून ते वाटले आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

हे पाणी इतके चालते कसे? आतड्याच्या पेशीवर एक दार असते, त्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी खेचले जाते. जुलाबात बाकी व्यवस्था बिघडली तरी हे दार बहुधा चालू राहते. नुसते पाणी दिले तर दार उघडत नाही. साखर जास्त झाली तर उलट पाणी बाहेर खेचले जाते आणि जुलाब वाढतो. म्हणून प्रमाणाला एवढे महत्त्व आहे.

म्हणून आधी हे करा

पहिल्या पातळ शौचापासूनच ओआरएस सुरू करा. आशाताईंकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात पाकीट फुकट मिळते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या आणि पूर्ण पाकीट एकदम टाका. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नका. केलेले पाणी २४ तासांत संपवा, उरले तर फेका. दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा ग्लास, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक ग्लास, मोठ्यांना पिववेल तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तांदळाची किंवा नागलीची मीठ घातलेली पेज, ताक, पातळ वरण, हेही चालते. अंगावरचे दूध बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. खाणेही बंद करू नका.

दुकानात खोक्यातली गोड पेये 'ओआरएस' म्हणून मिळत. त्यांत साखर फार असते. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा.

मुलांना ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस द्या. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांवरील मुलाला पूर्ण गोळी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबला तरी गोळ्या १४ दिवस पूर्ण करा. झिंकमुळे हा जुलाब लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

लहान मुलांतला बराच जुलाब रोटाव्हायरसचा असतो. तो विषाणू आहे, जिवाणू नाही. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. त्याची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना सरकारी लसीकरणात फुकट मिळते. ती चुकवू नका. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला इंजेक्शन आणि अँटिबायोटिकचा आग्रह धरू नका, आणि न विचारता ते देणाऱ्याकडे जाऊ नका.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर पाला, पेज, सगळे सोडून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. वाटेत ओआरएस पाजत राहा :

– बाळ मलूल पडले, उठत नाही, पाणी पीत नाही
– डोळे खोल गेले, बाळाची टाळू खाली बसली
– पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते
– सहा तासांत लघवी झाली नाही
– शौचातून रक्त पडते
– काही केल्या उलटी थांबत नाही
– बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान आहे

सिकलसेल असेल तर

ही सूचना आम्ही वेगळी लिहीत आहोत, कारण नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. दुसऱ्याला दोन दिवसांत बरा होणारा जुलाब अशा माणसाला थेट दवाखान्यात नेऊ शकतो. घरात सिकलसेलचे कार्ड असेल तर ओआरएसची पाकिटे कायम घरात ठेवा. आणि जुलाब लागल्यावर 'आधी पाला देऊन पाहू' असे अजिबात करू नका.

मग पानाचे काय करायचे?

पानाला त्याची जागा आहे. धडधाकट प्रौढ माणसाला साधा जुलाब आणि मुरडा असेल, ओआरएस सुरू असेल, तर सोबत पेरूच्या पानांचा काढा घ्यायला हरकत नाही. पाने घरच्या परसातली घ्या. महामार्गाच्या कडेच्या झाडाच्या पानांवर धूळ आणि धूर बसलेला असतो, बागेतल्या झाडावर फवारणी झालेली असते. कीड लागलेली, काळी पडलेली पाने नकोत. स्वच्छ धुऊन उकळा, गाळा, त्याच दिवशी प्या. दोन दिवसांत उतार पडला नाही तर काढा थांबवा आणि तपासून घ्या.

लहान मुलांना आणि गरोदर बाईला हा काढा देऊ नका. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या पोटात तर आईच्या दुधाशिवाय आणि दवाखान्यातल्या औषधाशिवाय काहीच जायला नको. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल, तर काढ्याने पोट बांधून घेण्याचा प्रयत्न करू नका. शौच थांबली म्हणजे आजार थांबला असे नसते.

रोजचा चहा म्हणून हा काढा पिण्याचेही फॅड आले आहे. त्यातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. आपल्या बायाबापड्यांत आधीच रक्त कमी. जेवणासोबत किंवा लोहाच्या लाल गोळीसोबत काढा घेतला तर गोळी वाया जाते. निदान दोन तासांचे अंतर ठेवा. जपानमध्ये जेवणानंतरची साखर आवरायला पेरूच्या पानाचा चहा विकतात हे खरे आहे, पण म्हणून मधुमेहाची गोळी बंद करायची नाही.

दात-हिरड्यांसाठी पानाच्या कोमट पाण्याने चूळ भरा, खुशाल. जखमेवर मात्र पाला वाटून लावू नका. पाल्यासोबत माती जाते आणि धनुर्वाताची भीती असते. जखम साबणपाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

पाला परसात, पण पाणी कुठले?

पानातल्या द्रव्यांविषयी एवढे लिहिल्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या जंतूंवर हा काढा चालतो ते सगळे दूषित पाण्यातून आणि हातांतून पोटात जातात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली आपली माणसे कालव्याचे पाणी पितात. पाड्यावरची विहीर पावसाच्या पहिल्या लोंढ्यात गढूळ होते. तिथे वर्षातून चार वेळा जुलाब होणार आणि चार वेळा पाला उकळायचा, याला आरोग्य म्हणत नाहीत.

गावच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे आणि त्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्यात क्लोरीन आहे का, हे ओटी चाचणीने दोन मिनिटांत कळते. नळीतले पाणी पिवळे झाले तर आहे, नाही झाले तर नाही. पाण्याच्या तपासणीवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारा. महिलांनी विचारा. ओटी चाचणी सर्वांसमोर, आपल्या वस्तीच्या नळावर करून दाखवायला सांगा. गावाच्या वरच्या टोकाला क्लोरीन असते आणि वस्तीच्या शेवटच्या नळाला नसते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

तोवर पिण्याचे पाणी उकळा, ओगराळ्याने काढा, शौचाहून आल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी साबणाने हात धुवा. आणि परसात पेरूचे झाड जरूर लावा. पाल्याची गरज क्वचित पडेल. फळ मात्र रोज खा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला मदत होते.

पुढच्या बैठकीत कोणी पेरूच्या पाल्याविषयी विचारले तर हे पान वाचून दाखवा. आणि घरातल्या फडताळात ओआरएसची दोन पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आहेत का, ते आजच पाहा. नसतील तर उद्या सकाळी आशाताईंकडून आणा.